नऊ किलोचं प्रेशर

भिवरामावशीला कुणी “कावून?”, म्हणजे कशासाठी, असं विचारलं की तिचं डोकं सटकतं. “हे कावून करता?”, “ह्याचा उपेग काय?”, “ह्यातून मिळतं काय?” असं विचारणारा माणूस केवढाही मोठा असो, ती हातातला पाना खाली ठेवते, चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघते आणि म्हणते, “तुमी ही मिशी ठिवलीय, ती कावून ठिवलीय? काय मिळतं तिच्यातून?”

हे पहिल्यांदा मलाच ऐकावं लागलं. मला मिशी आहे.

मी त्रिंबक. वडवणीत स्टँडच्या रस्त्याला माझं शेती औषधांचं दुकान आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि पाठीवरचे पंप. भिवरामावशी सात वर्षं माझ्याच दुकानाच्या ओट्यावर बसून हे पंप दुरुस्त करत होती. वय पंचावन्नच्या पुढं. अंगानं वाळकी, पण मनगटं गड्यासारखी. धारूरच्या अंगाला, घाटाच्या कडेला तिचं गाव. तिथून सकाळच्या एसटीनं यायची, पोतं अंथरायची, त्यावर पाने, पक्कड, वायसरचा डबा मांडायची आणि कामाला लागायची.

त्याआधी तिनं सोळा हंगाम ऊस तोडला. आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. सतराव्या वर्षी दिवाळीनंतर ट्रक दारात आला, बोचकी चढली, तिचा नवरा शहादेव चढला, पण ही दारातच उभी राहिली. मुकादम खालून ओरडला. ती म्हणाली, “कोयता त्या खुंटीला हाय. पाहिजे तर घिऊन जा. मी येत न्हाई.” मुकादमानं शिव्या दिल्या, भावकीनं समजावलं, सासूनं छाती पिटली. ट्रक अर्धा तास फुरफुरत उभा होता. शेवटी शहादेवकाका खाली उतरले. अर्धा कोयता नेऊन कोण काय करणार?

दुरुस्ती ती ऊसतोडीच्या तळावरच शिकली. बायकांचे स्टोव्ह, कुकरच्या शिट्ट्या, बॅटऱ्या. शिकवणारं कुणी नव्हतं. उघडायचं, आत बघायचं, परत लावायचं. माझ्याकडे ती एकदा वायसर घ्यायला आली, तेव्हा एक शेतकरी नवा पंप घेऊन माझ्याशी भांडत होता. तिनं त्याच्या हातातून पंप घेतला, उभ्याउभ्या उघडला, उलटा बसलेला वायसर सुलटा केला आणि त्याच्या हातात परत दिला. भांडण मिटलं. मी तिला म्हणालो, मावशी, बाजारच्या दिवशी इथंच बसत जा. ती बसली, ती आठवड्यातून चार दिवस बसायला लागली.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात विजयसिंहदादांचा ड्रायव्हर एक खोकं घेऊन आला. विजयसिंहदादा म्हणजे आमच्या भागातलं मोठं घर. जमीन, जिनिंग, राजकारण, सगळं. माझ्या दुकानाचा गाळाही त्यांचाच. त्यांच्या रविराजचं लग्न पुण्याच्या आरोहीशी झालं, आणि सूनबाईनं माहेराहून कॉफीचं मशीन आणलं. आमच्याकडे कॉफी म्हणजे थंडीतल्या लग्नात पातेलंभर दुधावर सोडलेली पुडी. मशीन कसलं आणि त्यात काय होतं, हे ड्रायव्हरलाही सांगता येईना. तो एवढंच म्हणाला, “बंद पडलंय. पुन्याला पाठवायला सांगत्येत. वैनी म्हनल्या, आधी त्या पंपवाल्या मावशीला दावा.”

मावशीनं झाकण उघडलं. आतली नळी काढून उन्हात धरली, तारेनं टोकरली. पांढरा खडा टुपकन पोत्यावर पडला.

“ह्याला मुतखडा झालाय,” ती म्हणाली. “बोरचं पानी पाजलंय ह्याला.”

खरंच होतं. आमच्याकडच्या बोरच्या पाण्यानं हंडेसुद्धा आतून पांढरे होतात. तिनं किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं, गरम पाण्यात कालवून दोन दिवस नळ्या भिजवल्या, एक रबरी कडी बदलली आणि निरोप पाठवला. आरोही स्वतःच आली, स्कूटीवर, पिशवीत कॉफीच्या बिया आणि हातानं फिरवायची छोटी चक्की घेऊन. म्हणाली, “मावशी, चालतंय का ते इथंच बघू या.”

माझ्या काउंटरवर मशीन लावलं. आरोहीनं बिया दळल्या, पूड जाळीच्या वाटीत भरून दाबली, बटण दाबलं. मशीन घरघरलं आणि उंदराच्या शेपटीएवढी बारीक काळी धार कपात उतरली. वर तांबूस साय. सगळी मिळून दोन घोट.

“एवढीच?” मी म्हणालो.

“एवढीच असते, काका.”

पहिला कप तिनं मावशीला दिला. मावशीनं घोट घेतला आणि तोंड असं केलं की मला वाटलं आता थुंकते. पण थुंकली नाही. गिळलं. बराच वेळ जिभेनं टाळू चाचपत राहिली. मग म्हणाली, “काकवी कढईला लागली की वास सुटतो बघा, तसं मागून येतंय. आजून एक करा.”

दुसरा कप आंबट निघाला. मावशीनं भुवई उचलली. “पूड तीच, पानी तेच, मशीन तेच. मंग चव कावून बदलली?”

आरोही हसली. म्हणाली, पूड जरा जाड पडली असेल. जाड पडली तर पाणी पळून जातं, बारीक पडली तर अडून बसतं. अठरा ग्रॅम पूड, नऊ बार प्रेशर, तीस सेकंद. यातलं एक चुकलं की चव फिरली.

“बार म्हंजी?”

“म्हणजे... एका चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो.”

“आसं म्हना की. नऊ किलो,” मावशी म्हणाली. प्रेशर तिला किलोतच कळतं. कुकरचं एक किलो, इंजिनवरच्या मोठ्या फवाऱ्याचं वीस-पंचवीस. नऊ किलो म्हणजे तिच्या दृष्टीनं काहीच नव्हतं. तिला त्या क्षणी काय वाटलं ते तिनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “सोळा वर्सं ऊस तोडला, सात वर्सं पंप जोडले. समदं दुसऱ्याचं, आन् समदं घाईघाईत. हे दोन घोटाचं काम. धा वेळा केलं तर धा वेळा येगळं. मला वाटलं, हे आपल्याला आलं पायजे. बस.”

आरोहीनं मजुरी विचारली. मावशीनं मजुरी घेतली, आणि वर एक जुनी जाळीची वाटी मागून घेतली.

तिला मशीन विकत घ्यायचं नव्हतं. ते तिला करायचं होतं, तेही विजेशिवाय, कारण तिच्या गावात वीज येते पाहुण्यासारखी. तिच्या डोक्यात आकृती साधी होती. उभा सिलिंडर, त्यात उकळतं पाणी, वरून दट्ट्या, दट्ट्याला लांब दांडा. हापसा जसा, तसाच, फक्त पाणी वर ओढायच्या ऐवजी खाली रेटायचं. सांगाडा आमच्या समोरच्या म्हाळू वेल्डरनं केला. सिलिंडर आणि दट्ट्या बीडला धर्मराजच्या लेथवर. धर्मराजनं विचारलं, कुठल्या पंपाचा पार्ट आहे? ती म्हणाली, कॉफीचा. तो एवढा हसला की शेजारच्या गॅरेजवाल्याला बोलावून आणलं. मावशी त्याच्या स्टुलावर बसून राहिली. म्हणाली, “हसून झालं की सांगा. माजी गाडी पाचाला हाय.” त्यानं स्टीलचा गज लेथच्या जबड्यात बसवला.

पहिला सिलिंडर केसभर सैल निघाला, पाणी वरूनच यायचं. दुसरा एवढा घट्ट की दट्ट्या अडकला तो म्हाळूच्या हातोड्यानंच निघाला. तिसरा बसला. त्यावर तिनं फवाऱ्याच्या मशीनला लावतात तसा प्रेशरचा काटा लावला, नवा, खोक्यातून काढलेला. ती फार जपायची यात. औषधाच्या पंपाची एकही जुनी वस्तू यात जाता कामा नये, म्हणून त्या कामाचे पानेसुद्धा तिनं वेगळे ठेवले, लाल चिंधी बांधून.

मग पुडीचं युद्ध. बिया आरोही पुण्याहून मागवायची, तिच्याबरोबर मावशी आपल्याही मागवायला लागली. मिक्सरमध्ये दळल्या तर अर्ध्या पिठासारख्या, अर्ध्या कण्या. खलबत्त्यात त्याहून वाईट. शेवटी तिनं घरातलं लहान जातं काढलं, पाथरवटीण बोलावून त्याला बारीक टाकी लावून घेतली आणि खुंट्याखाली चामड्याच्या चकत्या घालून दोन दगडांतलं अंतर ठरवलं. एक चकती काढली की पूड बारीक, एक घातली की जाड. दळून झाल्यावर मैद्याच्या चाळणीतून धूळ काढायची. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेतला. शहादेवकाका हे सगळं शेळ्या बांधता बांधता बघायचे आणि म्हणायचे, “म्हातारपणी खूळ लागलंय हिला.” पण जातं फिरवायला बसायचेही.

पहिले तीन महिने धड काही निघालं नाही. कधी पाच सेकंदांत कप भरून वाहायचा, कधी थेंब नाही. ती मला येऊन सांगायची, आज काटा सातावर गेला, आज अकरावर. मी हूं हूं करायचो.

एका बाजारच्या दिवशी ती आली ती तोंडाला फडकं बांधून. हनुवटी वांग्यासारखी निळी. पूड अती बारीक पडली होती, पाणी अडलं, सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली, आणि दांडा दाबताना घामानं हात निसटला. साडेतीन फुटी दांडा उसळून हनुवटीवर बसला. खालचा एक दात गेला.

मी म्हणालो, “मावशी, आता बास करा. जीव जाईल एखाद्या दिवशी.”

“सोळा वर्सात कोयता दोनदा पायात बसला,” ती फडक्याआडून म्हणाली. “तवा कुनी बास कर म्हनलं न्हाई. तिसऱ्या दिवशी उभं केलं मला फडात. आता माज्या घरात, माज्या दांड्यानं, माजा दात गेला, तर समद्यांना दया यायलीय.” तिनं पोतं अंथरलं आणि पंप उघडला. त्या आठवड्यात तिनं दांड्याला खाचांची पट्टी लावून घेतली, हात सुटला तरी दांडा जागीच अडकावा म्हणून.

पावसाळा सरता सरता ते जमलं. मी एकदा तिच्या गावी वसुलीला गेलो होतो, तेव्हा तिनं मला पाजली. चुलीवर पाणी उकळलं, सिलिंडरमध्ये ओतलं, दोन्ही हातांनी दांडा धरून सावकाश खाली आणला, डोळे काट्यावर. काटा नवावर आला आणि तिथं थांबला, थरथरला नाही. खाली मधाच्या रंगाची धार. मी कॉफीतला माणूस नाही. पण घोट संपल्यावर मी कप परत पुढं केला हे खरं आहे.

आणि मग मी तेच म्हणालो जे गावातला प्रत्येक माणूस म्हणत होता. “मावशी, स्टँडवर टपरी टाकू. पाटी मी करतो. भागीत.”

“न्हाई.”

“अहो पण कावून? एवढं केलं, त्याचा उपयोग काय मग?”

तेव्हा तिनं माझ्या मिशीचा विषय काढला.

नंतर जरा नरमली. म्हणाली, “त्रिंबकशेट, टपरी टाकली की गिऱ्हाईक म्हननार, लवकर दे, साखर घाल, दूद घाल, अर्धी दे. मंग ते परत कामच झालं. येक गोष्ट ऱ्हाऊ द्या की बिनकामाची. बड्या लोकांच्या घरात आस्त्यात की आसल्या धा गोष्टी. त्यांना कुनी इचारत न्हाई.”

गोष्ट इथं थांबली असती, पण आरोहीनं एकदा मावशीच्या अंगणात जाऊन व्हिडिओ काढला. मावशी दांडा दाबतेय, मागं शेळ्या, कपात साय. तिनं तो मैत्रिणींना पाठवला, मैत्रिणींनी पुढं, आणि आठ दिवसांत तो फिरून विजयसिंहदादांच्या फोनवर आला. दादांचा त्याच महिन्यात महिला बचत गटांचा मेळावा होता, कुणी मंत्री येणार होते. दादांनी मावशीला विचारायच्या आधीच फ्लेक्स लागले. एका बाजूला दादा हात जोडून, दुसऱ्या बाजूला मावशी दांडा धरून. वर ‘ऊसतोड भगिनीची भरारी’, खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून दादांचं नाव.

मावशी चौथी शिकलेली. एसटीतून उतरली, फ्लेक्सखाली उभी राहून एकेक अक्षर वाचलं आणि माझ्याकडे आली. “मार्गदर्शक? ह्या मानसाला वायसर कोन्त्या बाजूनं बसतो ते तरी ठावं हाय का?”

दुपारी दादा स्वतः दुकानात आले. मी खुर्ची पुढं केली. बरोबर चार माणसं. मावशी ओट्यावर पंप उघडून बसलेली, तिनं मान वर केली, नमस्कार केला, परत खाली बघितलं.

“भिवरे, शनिवारी मेळावा हाय,” दादा म्हणाले. “मशीन घिऊन ये. साहेबांच्या हातून तुझा सत्कार ठिवलाय. स्टेजवर एक कप करून द्यायचा साहेबांना. गाडी पाठवतो.”

“भिवराबाई म्हना, दादा. आन् मी येणार न्हाई.”

दादांच्या माणसांपैकी एक जण म्हणाला, “ए म्हातारे, कुनाशी बोलतीस कळतंय का?” दादांनी त्याला हातानं थांबवलं. त्यांचा आवाज मऊच होता. “अगं, तुझं नाव होईल चार लोकांत.”

“नाव हाय की मला. आईबापानं ठिवलंय. तुमाला प्यायची आसंल तर माज्या घरी या. सायबाला बी आना. पाहुने म्हनून या, बाज टाकते, कप देते. तिथं कुनाला न्हाई म्हननार न्हाई. पन स्टेजवर मांडायची न्हाई मी ती. आन् त्या फ्लेक्सवर लिवलंय ते खोटं हाय. तुमी मला काय बी दावलं न्हाई.”

“समाजासाठी करतोय मी हे,” दादा म्हणाले. “ऊसतोड बायांना उभारी येईल.”

“सोळा हंगाम तोडला मी. पोरगी पाचटात झाली माजी, चौथ्या दिवशी मोळ्या बांधायला उभी ऱ्हायले. त्या वख्ताला कुटं हुतं हे मार्गदर्शन?”

दादा उठले. मला म्हणाले, “त्रिंबक, चहा राहू दे.” आणि गेले.

संध्याकाळी त्यांच्या दिवाणजीचा फोन आला. ओटा मोकळा करा. गाळ्याचा करार संपत आलाय, आठवण आहे ना, असंही बोलता बोलता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला सांगितलं. मी हे लिहितोय तेव्हाही मला ते वाक्य परत म्हणायला नको वाटतं. मी म्हणालो, “मावशी, माझा नाइलाज आहे.”

ती पाने गोळा करायला लागली होती. थांबली. “नाइलाज हाय का भ्या हाय?”

मी काउंटरवरच्या बियाण्याच्या पुड्या सरळ करायला लागलो.

“भ्या म्हना मंग. त्यात काय लाज न्हाई, समद्यांनाच वाटतं. पन नाइलाज म्हनू नका. तो लई चांगला सबूद हाय, ज्याला खराच आसतो त्याच्यासाठी ऱ्हाऊ द्या.”

तिनं पोतं झटकलं, घडी केली, डबा डोक्यावर घेतला आणि रस्ता ओलांडला. समोर म्हाळूचं वेल्डिंगचं शेड. जागा म्हाळूच्या बापाची, सातबारा त्याच्या नावावर. मावशीनं त्याला काही विचारल्याचं मला दिसलं नाही. म्हाळूनं फक्त दोन अँगल बाजूला सरकवले. ती बसली. अर्ध्या तासात माझ्याकडे पंप घेऊन आलेलं पहिलं गिऱ्हाईक ओटा रिकामा बघून रस्ता ओलांडून तिच्याकडे गेलं.

शनिवारी मेळावा झाला. फ्लेक्सवर मावशीचा फोटो तसाच, आणि स्टेजवर पांढऱ्या कापडाचं एक रिकामं टेबल. निवेदकानं दोनदा तिचं नाव पुकारलं. त्या वेळी ती दोनशे पावलांवर एका मोठ्या फवाऱ्याचा वॉल्व घासत बसली होती. नाव लाउडस्पीकरवर ऐकू येत होतं. म्हाळू म्हणतो, तिनं मान वर केली नाही, फक्त घासायचा वेग वाढला.

मेळाव्यानंतर आठ दिवसांत एक गोष्ट बाजारात पसरली. भिवराबाई औषधाच्या पंपातून कॉफी काढते. विषाचा पंप. कुणी म्हणे नवऱ्याला उलट्या झाल्या, कुणी म्हणे विजयसिंहदादांनी म्हणूनच तिला स्टेजवर येऊ दिलं नाही. कुणी सुरू केलं ते मला माहीत नाही, आणि मी कुणाचं नाव घेणार नाही. पण मी रोज तिचे पाने बघितले होते, लाल चिंधीचे. खरं काय ते मला माहीत होतं. दुकानात लोक हे बोलायचे तेव्हा मी पावती फाडत राहायचो.

पुढच्या बाजारच्या दिवशी मावशी एसटीतून उतरली ती मशीन पोत्यात बांधून, शहादेवकाकांच्या आणि स्वतःच्या मध्ये धरून. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं म्हणून ती त्याच्याशी भांडत उतरली. शहादेवकाकांच्या दुसऱ्या खांद्यावर जातं. म्हाळूच्या शेडपुढं तिनं धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं आणि भर बाजारात मशीन खोललं. एकेक नट. दांडा, दट्ट्या, रबरी कड्या, सिलिंडर, काटा, जाळी. सगळं ओळीनं मांडलं.

माणसं जमली. मीही दुकानाच्या पायरीवर आलो.

“बघा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मला रस्त्याच्या अलीकडे ऐकू येत होता. “हात लावा, वास घ्या. हे बीडच्या लेथवर केलंय, हे म्हाळूनं, हे खोक्यातनं नवं काढलंय. ह्यात औषदाच्या पंपाचा येक नट दावा. जो दावील त्याच्या दारात मी जन्मभर पानी भरीन.”

दोन-तीन शेतकऱ्यांनी खरंच सिलिंडर उचलून वास घेतला. एकानं आत बोट घातलं, तिनं सिलिंडर परत धुतला. मग जोडलं. स्टोव्हवर जारचं पाणी उकळलं. शहादेवकाकांनी जातं फिरवलं. तिनं पूड तोलली, दाबली, पाणी ओतलं आणि दांडा खाली आणला. गर्दीतून कुणीतरी काट्याचे आकडे मोठ्यानं म्हणायला लागलं, पाच, सात, आठ... नवावर काटा थांबला. धार उतरली. पहिला कप तिनं स्वतः घेतला, दोन घोटांत संपवला. दुसरा केला.

“आता ज्याला प्यायची त्यानं म्होरं यावं. ज्याला भ्या वाटतं त्यानं हाटेलात जाऊन च्या प्यावा. मला राग न्हाई.”

कुणी हललं नाही. कप तिच्या हातात तसाच. तेव्हा शहादेवकाका जात्यापासून उठले. या माणसाला कॉफी कधीच आवडली नव्हती, घरी त्यांनी ती एकदा चाखून शेळीपुढं ठेवली होती. त्यांनी कप घेतला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“लई कडू हाय,” ते म्हणाले. काकांनी उरलेला घोटही घेतला. “पन औषद न्हाई. तीस वर्सं फवारतोय मी, औषदाचा वास झोपेत बी वळखीन.”

सगळा बाजार हसला. हसता हसता एक जण पुढं आला, मग दुसरा. कुणी थुंकली, कुणी साखर मागितली. साखर तिनं दिली नाही. चौथ्या-पाचव्या कपाला एक स्कूटी गर्दीला कापत आली. आरोही. घरात काय झालं असेल ते तिचं तिला माहीत. म्हाळूच्या अँगलवर ती बसली, म्हणाली, “मावशी, माझा जरा बारीक दळा,” आणि सगळ्यांसमोर दोन कप पिऊन गेली. त्यानंतर विषाची गोष्ट कुणी माझ्या दुकानात बोललं नाही.

मी रस्ता ओलांडला तो तीन आठवड्यांनी. बाजार उठला होता. मी म्हणालो, “मावशी, चूक झाली.”

“मला कावून सांगताव?” ती म्हणाली. “मी काडलं का मला? ज्यानं काडायला लावलं त्याला सांगा.”

ती बोलायला मोकळी. गाळा माझा जाणार होता. दोन रात्री मी नीट झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी विजयसिंहदादांच्या बैठकीत गेलो. मी म्हणालो, “दादा, ती बाई माझ्या ओट्यावर बसणार. नाहीतर गाळा मी खाली करतो.” जे पाठ करून गेलो होतो त्यातलं एवढंच तोंडातून निघालं. दादा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मग पानावरून नजर न काढता म्हणाले, “बसू दे की. मी कुठं नको म्हनलं?”

मी जवळजवळ धावतच मावशीकडे आलो. सांगितलं, चला, ओटा तुमचा.

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच, त्या पडलेल्या दाताच्या फटीसकट, हसली. “चांगलं केलंत, त्रिंबकशेट. पन मी हितंच बसते. म्हाळूच्या शेडला वारं चांगलं लागतं.”

ओटा अजून रिकामा आहे. मी तिथं काही ठेवत नाही. पंप मी विकतो, दुरुस्तीला बोट समोर दाखवतो. बाजार संपल्यावर कधी कधी तिकडं जाऊन बसतो. ती मला कप देते, नेहमी नाही, पूड चांगली पडली असेल तरच. विजयसिंहदादा अजून तिच्या घरी गेलेले नाहीत. बाज टाकलेली आहे, असं ती म्हणते.

सध्या तिच्या डोक्यात स्प्रिंग आहे. हातानं दाबलं की हात थकतो, काटा शेवटी शेवटी घसरतो. स्प्रिंग असेल तर ती आपलीआपण एकसारखी दाबत राहील. त्यासाठी तिनं एका जुन्या बुलेटच्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग पैदा केली, रॉकेलमध्ये धुतली, आणि परवा म्हाळूच्या शेडमध्ये ती दाबून बसवताना क्लॅम्प सुटला. स्प्रिंग पत्र्यातून आरपार वर गेली आणि छपरावर कुठंतरी जाऊन पडली. मी आवाज ऐकून धावत गेलो. म्हाळू छपरातल्या भोकाकडे बघत होता. मावशीनं शिडी आधीच भिंतीला लावली होती, पदर खोचला होता, पहिल्या पायरीवर पाय होता.

“मावशी, म्हाळूला चढू द्या,” मी म्हणालो. “तुमचं वय...”

“शिडी धरा,” ती म्हणाली. “बोलू नका.”

मी शिडी धरली.